रांजणगावात बनलेली एसयूव्ही घ्यावी की बोटीने आलेली?

ओळखीत कुणी तीस-पस्तीस लाखांच्या पुढची एसयूव्ही घ्यायला निघालं की दोन दिवसांत मला फोन येतोच, कारण मी बरीच वर्षं भोसरीत गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या धंद्यात आहे. प्रश्न ठरलेला, "अरे ती इथेच जोडलेली आहे म्हणे, मग एवढे पैसे कशाला मोजायचे?" नाहीतर याच्या बरोब्बर उलटा, "इम्पोर्टेड घेतोय, पण पुढे मेंटेनन्सला मरणार तर नाही ना?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, आणि ते ना पत्र्याच्या जाडीत आहे ना लोगोत. गाडीचा किती भाग इथे बनतो, हा खरा हिशोब. शोरूममध्ये तो कुणी आपणहून सांगत नाही, विचारला तर "सर, मेड इन इंडिया आहे" एवढंच ऐकायला मिळतं.

उदाहरणाला जीप घेऊया, कारण एकाच लोगोखाली सगळे प्रकार सापडतात आणि गाव पण आपलंच, पुण्याच्या नगर रोडवरचं रांजणगाव. तसं बघायला गेलं तर जीप आणि आपली ओळख फार जुनी, महिंद्रांनी 1949 मध्ये मुंबईत माझगावला विलिस जीपचे सुटे भाग बोटीने आणून त्या जोडायला घेतल्या तेव्हापासूनची. पण जीप हा ब्रँड स्वतःच्या नावाने भारतात आला 2016 मध्ये, आणि आला तो अख्ख्या गाड्या आयात करूनच. रँग्लर होती 71 लाखांच्या वर आणि ग्रँड चेरोकी 93 लाखांपासून पुढे, तिचंच जास्त ताकदीचं एसआरटी मॉडेल तर 1 कोटी 12 लाखांना (हे सगळे एक्स-शोरूम आकडे बरं का, ऑन-रोडचं आत्ता बोलतच नाही). लोकांनी फोटो काढले आणि घरी गेले. मग 31 जुलै 2017 ला रांजणगावात बनलेली कंपास आली 14 लाख 95 हजारांपासून, आणि पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर सात खाचांची ती जाळी दर सिग्नलला दिसायला लागली.

हा रांजणगावचा कारखाना जॉइंट व्हेंचर आहे, टाटा मोटर्स आणि फियाट यांचा निम्मा-निम्मा. फियाट आता स्टेलांटिस या मोठ्या ग्रुपमध्ये गेली, जीप पण त्यांचीच. एकाच आवारात टाटाची नेक्सॉन पण बनलीय आणि जीपची कंपास पण. शिवाय कंपासचं 2 लिटरचं डिझेल इंजिन तिथेच बनतं, आणि तेच इंजिन थोड्या वेगळ्या ट्यूनिंगने आणि वेगळ्या नावाने हॅरियर, सफारीत आणि एमजी हेक्टरमध्ये पण बसलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पार्ट्सच्या वेळी कामाला येणार आहे.

आता प्रकार समजून घ्या, कारण बहुतेकांची गडबड इथेच होते. लोकांच्या डोक्यात दोनच खाने असतात, देशी आणि इम्पोर्टेड, पण प्रत्यक्षात तीन आहेत. पहिला सीबीयू, म्हणजे परदेशात पूर्ण तयार झालेली गाडी बोटीने येते, बंदरावर उतरते आणि ट्रेलरवरून शोरूमला. दुसरा सीकेडी, म्हणजे गाडी सुट्या भागांच्या किटमध्ये खोक्यांतून येते आणि इथल्या कारखान्यात जोडली जाते. तिसरा प्रकार खराखुरा लोकल, पत्रा इथे प्रेस होतो, सीट इथल्या व्हेंडरच्या, वायरिंग इथलं, काच इथली, इंजिन पण शक्यतो इथलंच, आणि मोजक्या वस्तू बाहेरून येतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या दोघांनाही जाहिरातीत "भारतात निर्मित" म्हणता येतं, आणि गोम तिथेच आहे. कंपास तिसऱ्या खान्यात आहे. रँग्लर 2021 पासून रांजणगावलाच जोडतात, पण ती दुसऱ्या खान्यात. कारखाना एक, गेट एक, आणि मालक म्हणून तुमचा पुढच्या दहा वर्षांचा अनुभव पूर्ण वेगळा.

एवढा फरक किमतीत पडतो तो सरकारी करांमुळे. अख्खी गाडी आयात केली आणि बंदरावर उतरतानाची तिची किंमत, म्हणजे गाडी अधिक विमा अधिक जहाजभाडं, 40 हजार डॉलरच्या आत असेल तर कस्टम ड्युटी 70 टक्के. त्याच्या वर गेली की 2025 च्या बजेटनंतर 70 टक्के बेसिक ड्युटी आणि वर 40 टक्के कृषी पायाभूत सेस, म्हणजे गोळाबेरीज 110 टक्के. हो, टोयोटाची लँड क्रूझर मागवणारा माणूस शेतीसाठी सेस भरतो, चांगलंच आहे. बजेटच्या दिवशी "बेसिक ड्युटी उतरली" अशा बातम्या आल्या तेव्हा माझ्याकडे पण दोघा-तिघांचे फोन आले, स्वस्त झाली का म्हणून, तर नाही, एका खिशातलं काढून दुसऱ्या खिशात टाकलं, बेरीज तिथल्या तिथेच. याउलट सीकेडी किटवर, इंजिन आणि गिअरबॉक्स सुटे असतील तर 15 टक्के, आणि आधीच जोडून आणले असतील तर 35.

थोडी आकडेमोड करूया, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा गाडी बंदरावर 25 लाखांना पडली. अख्खी आणली तर 70 टक्के ड्युटी म्हणजे साडेसतरा लाख, झाले साडेबेचाळीस. आता यावर जीएसटी, मोठ्या एसयूव्हीला 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के (आधी 28 अधिक 22 टक्के सेस असे 50 होते), आणि हा जीएसटी ड्युटी धरून लागतो बरं का, म्हणजे करावर कर. सतरा लाख अजून. झाले साडे 59 लाख, आणि अजून कंपनीचा आणि डीलरचा नफा यात नाहीये. तीच गाडी किट म्हणून 15 टक्क्यांत आली तर पावणेचार लाख ड्युटी, पावणे 29 लाख, वर जीएसटी, झाले सव्वा चाळीस. जोडणीचा खर्च धरला तरी पंधरा-अठरा लाखांचा फरक आरामात राहतो. आणि तुमची गाडी बंदरावरच 40 लाखांची असेल तर 110 टक्क्यांनी ती 84 लाख आणि जीएसटी धरून 1 कोटी 17 लाखांच्या पुढे. लँड क्रूझर 300 दोन कोटी दहा लाखांना का आली होती आणि तिच्याच कंपनीची फॉर्च्युनर त्याच्या पाव किमतीच्या आसपास का मिळते, याचं मोठं कारण हे. बाकी गाडी म्हणून लँड क्रूझर वरच्या वर्गातली आहे ते वेगळं, पण चौपट गाडी नाहीये ती.

थांबा, आरटीओ राहिलंच. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर पेट्रोल गाडी 20 लाखांच्या वर असली तर एकरकमी रोड टॅक्स 13 टक्के, डिझेलला 15, पण आयात केलेल्या गाडीला सरसकट 20. म्हणजे 60 लाखांच्या इम्पोर्टेड गाडीवर बारा लाख नुसते पासिंगला. कमाल मर्यादा होती 20 लाख, ती जुलै 2025 पासून 30 लाख झाली. आपल्याकडे एवढ्या महागड्या गाड्या दुसऱ्या राज्यांच्या नंबर प्लेटने का फिरतात, हे वेगळं सांगायला नको.

किमतीचा खेळ प्रत्यक्षात बघायचा तर रँग्लरच बघा. आयात होत होती तेव्हा 2019 ला तिचं चार दारांचं अनलिमिटेड मॉडेल जवळपास 64 लाखांना होतं. मार्च 2021 ला तीच रांजणगावला जोडून 53 लाख 90 हजारांना लावली. दहा लाख उतरले. नव्या गिऱ्हाइकाला आनंद, पण ज्याने वर्षभर आधी बोटीची घेतली त्याच्या गाडीची सेकंड हँड किंमत एका सकाळीत कोसळली, कारण नवीनच 54 ला मिळत असेल तर तुमची वापरलेली कोण पंचावन्नला घेणार? हाच प्रकार 2024 ला रेंज रोव्हरचा, ब्रिटनमधल्या सोलिहलहून यायची ती पुण्यात जोडायला घेतली आणि किमती 18 ते 22 टक्क्यांनी उतरतील असं जाहीर झालं. इम्पोर्टेड गाडी घेताना ही जोखीम कुणी मोजत नाही. गाडी तीच, पण कंपनीने जोडणी इथे आणली की तुमचा तोटा, आणि त्याचा विमा कुठे मिळत नाही.

उलटा प्रकार पण होतो. फोक्सवॅगनची टिगुआन आधी आपल्या संभाजीनगरला जोडायचे, मग नवीन टिगुआन आर-लाइन एप्रिल 2025 ला थेट आयात होऊन आली 48 लाख 99 हजारांना. त्याच महिन्यात त्याच ग्रुपची स्कोडा कोडियाक, तिच्यापेक्षा मोठी, सात सीटर, इंजिन त्याच घराण्यातलं, संभाजीनगरला जोडलेली, 46 लाख 89 हजारांपासून. म्हणजे मोठी गाडी स्वस्त आणि लहान महाग, फक्त रस्ता वेगळा होता म्हणून. अशा थोड्या गाड्या आणणं कंपनीला परवडतं कारण वर्षाला 2,500 गाड्यांपर्यंत इथली वेगळी होमोलोगेशन टेस्ट (गाडी इथल्या नियमांत बसते का याची तपासणी) न करता आणायची सवलत आहे. पण म्हणूनच त्या थोड्याच राहतात, आणि थोड्या राहिल्या की पुढे काय होतं ते सांगतो.

त्याआधी एक छोटं विषयांतर. अख्ख्या गाडीचं किट आणि नुसते सुटे भाग यांच्यातली रेघ नेमकी कुठे मारायची यावर सध्या मोठा वाद चालू आहे. कस्टम्सने 2024 मध्ये स्कोडा-फोक्सवॅगनला सुमारे 1.4 अब्ज डॉलरची नोटीस धाडली, आरोप असा की जवळजवळ पूर्ण गाड्यांचे किट आणले, पण वेगवेगळ्या खेपांमध्ये सुटे भाग म्हणून दाखवले, त्यामुळे 30-35 टक्क्यांऐवजी 5 ते 15 टक्केच ड्युटी लागली. कंपनीला हे मान्य नाही आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलंय. कोण बरोबर ते कोर्ट ठरवेल, आपण एवढंच घ्यायचं की तुमच्या गाडीची किंमत "किट" कशाला म्हणायचं या एका व्याख्येवर लटकलेली असते.

आता जॉइंट व्हेंचरचं. चीनमध्ये याला फार महत्त्व होतं, कारण तिथे कायदाच होता, परदेशी कंपनीला प्रवासी गाड्यांच्या कारखान्यात 50 टक्क्यांच्या वर हिस्सा घेता येत नव्हता, तो नियम 2022 ला गेला. त्यामुळे तिथले लोक गाडी घेताना सरळ विचारायचे, जॉइंट व्हेंचरची की इम्पोर्टेड. आपल्याकडे अशी सक्ती नाही. टोयोटा किर्लोस्करमध्ये टोयोटाचा हिस्सा 89 टक्के आणि किर्लोस्करांचा 11, म्हणजे नावात किर्लोस्करवाडीचा मान आहे पण स्टिअरिंग जपान्यांच्या हातात. त्यामुळे "जॉइंट व्हेंचर आहे" या एका वाक्यावरून ग्राहकाला फार काही कळत नाही.

दोन ठिकाणी मात्र त्याचा फरक पडतो. एक म्हणजे कारखान्याचा खर्च दोघांत वाटला जातो, रांजणगावला टाटाच्या गाड्यांचा आणि इंजिनांचा व्हॉल्यूम नसता तर एकट्या कंपासच्या जिवावर तो कारखाना चालवणं अवघड गेलं असतं. दुसरं म्हणजे भागीदार वेगळे झाले की काय? फियाटच्या गाड्या टाटाच्या शोरूममधून विकायचे आणि सर्व्हिस करायचे, 2012 ला ती व्यवस्था मोडली आणि कारखान्यातली भागीदारी तेवढी राहिली. पुंटो-लिनियावाल्यांना विचारा, सर्व्हिसला कुठे जायचं याची काय धावपळ झाली ती. याउलट महिंद्रा-रेनॉची लोगन. नाशिकला बनायची. 2010 ला रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली, पण गाडीचे पार्ट इथे बनत होते म्हणून महिंद्राने तीच गाडी पुढे व्हेरिटो नावाने चालू ठेवली आणि लोगनवाल्यांना पार्ट मिळत राहिले. एसयूव्ही नव्हती ती, पण मुद्दा तोच, लग्न मोडलं तरी व्हेंडर इथे असले तर गाडी जगते.

आणि आता माझा विषय, पार्ट्स.

लोकांना वाटतं इम्पोर्टेड गाडीचे पार्ट महाग कारण त्यावर पण 110 टक्के ड्युटी असते. नसते. पार्टवर साधारण 15 टक्के ड्युटी लागते, आणि जीएसटी तर सप्टेंबर 2025 पासून सगळ्या ऑटो पार्ट्सना एकच, 18 टक्के. मग महाग का? कारण खप नाही. वर्षाला दोनशे गाड्या विकल्या जाणाऱ्या मॉडेलचा डावा हेडलॅम्प कुठला डेपो स्टॉक करून ठेवेल? कुणीच नाही. मग ऑर्डर टाकायची, तो युरोप नाहीतर दुबईच्या वेअरहाऊसमधून निघणार, विमानाने आला तर भाडं, बोटीने आला तर आठवडे. त्यात आणि एक गंमत, कंपनी सुटी वस्तू विकत नाही, असेंब्ली विकते. आमच्याकडे मागे एका आयात एसयूव्हीचा हेडलॅम्प आला होता, बाईकवाल्याने कोपऱ्यात ठोकलेला, काच शाबूत, एलईडी शाबूत, मागचा प्लास्टिकचा कान तेवढा तुटलेला, बोटाच्या पेराएवढा, ज्यात स्क्रू बसतो तो. मालक म्हणाले एवढा कान द्या. कान मिळत नाही हो, अख्खा लॅम्प घ्यावा लागतो, आणि त्याचा दर ऐकून ते खुर्चीत बसले. शेवटी आमच्या पोराने प्लास्टिक वेल्डिंग करून कान उभा केला, तो अजून टिकलाय म्हणे. पण सर्व्हिस सेंटर हे करणार नाही, त्यांना करताच येत नाही, वॉरंटी जाते.

लोकल गाडीत हेच उलटं चालतं. कंपासचा बंपर, काच, सस्पेन्शनचे आर्म, ब्रेक पॅड, फिल्टर, यातलं बरंच इथले व्हेंडर बनवतात, आणि खप आहे म्हणून आफ्टरमार्केटवाले, म्हणजे कंपनीबाहेर पार्ट बनवून विकणारे, पण उतरतात. इंजिन त्याच घराण्यातलं हॅरियरमध्ये असल्यामुळे ते उघडलेला मेकॅनिक तालुक्याच्या गावी पण सापडतो. पार्ट नंबर सगळेच जुळतात असं नाही, उगीच हॅरियरचा सेन्सर आणून कंपासला लावायला जाऊ नका. पण हात बसलेले असतात. कंपासमध्ये पण आयात केलेल्या गोष्टी आहेत, डिझेल ऑटोमॅटिकचा नऊ गिअरचा गिअरबॉक्स बाहेरून येतो, त्यात काही झालं तर बिल इम्पोर्टेडच्याच भाषेत येतं. फॉर्च्युनर या बाबतीत पक्की, डिझेल इंजिन बेंगळुरूजवळ जिगणीला बनतं, गाडी बिदडीला, म्हणून सेकंड हँड बाजारात तिचा भाव उतरायला तयारच नसतो, अगदी नको तितका.

रँग्लर अधेमधे लोंबकळते. किंमत सीकेडीची, पण पार्ट बाहेरूनच, त्यामुळे विकत घेताना तुम्ही दहा लाख वाचवले तरी अपघातानंतरची वाट बघणं इम्पोर्टेडवाल्याइतकंच.

विम्यात एक खड्डा आहे, तो समजून घ्या. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली तिची किंमत, दरवर्षी उतरते, साधारण पाच वर्षांनी मूळ किमतीच्या निम्म्यावर येते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. म्हणजे 70 लाखांची इम्पोर्टेड पाच वर्षांनी 35 लाखांची, आणि सव्वासव्वीस लाखांचं एस्टिमेट झालं की संपलं. पण पार्टची किंमत निम्मी होत नाही ना, ती डॉलर-युरोबरोबर वरच जात असते. समोरून दणका बसला, एअरबॅग उघडल्या, दोन्ही लॅम्प, रडार सेन्सर, रेडिएटर, बोनेट गेलं, की इंजिन धडधाकट असलेली गाडी कागदावर मेलेली. त्यात झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिक आणि रबरावर सरळ 50 टक्के घसारा तुमच्या खिशातून, आणि आजकालच्या गाडीचं तोंड म्हणजे सगळं प्लास्टिकच. म्हणून इम्पोर्टेड असेल तर झिरो डेप आणि रिटर्न टू इनव्हॉइस (टोटल लॉस झाला तर आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत देणारं कव्हर) दोन्ही घ्या. झिरो डेप काही वर्षांनी मिळेनासं होतं, तेव्हा गाडी काढायची की ठेवायची हे आधीच डोक्यात असू द्या.

"पण इम्पोर्टेडचा दर्जा वेगळाच असतो", हे वाक्य मला रोज ऐकायला मिळतं. काही ठिकाणी खरं आहे, आतलं लेदर, रंगाचं फिनिश, आवाज दाबणं. पण ते बहुतेक वेळा गाडी वरच्या वर्गातली असते म्हणून, बोटीने आली म्हणून नाही. रांजणगावची कंपास जपानला आणि ऑस्ट्रेलियाला गेलीय, उजव्या स्टिअरिंगची गाडी हवी म्हणून. मेलबर्नमधल्या माणसाने ती इम्पोर्टेड म्हणूनच घेतली आणि आपला शेजारी तीच गाडी बघून म्हणतो, "इथलीच आहे, काय दम असणार."

मग इम्पोर्टेड कुणी घ्यावी? ज्याला तेच मॉडेल हवंय आणि ते इथे बनतच नाही, जसं लँड रोव्हरची डिफेंडर, आणि घरात दुसरी गाडी आहे, म्हणजे ही महिनाभर वर्कशॉपला पडली तरी ऑफिस आणि शाळा थांबत नाही. एकुलती एक गाडी असेल, वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर होत असतील, कोल्हापूर-सोलापूर-नांदेड असं फिरणं असेल, तर माझं मत सरळ आहे, तिसऱ्या खान्यातली घ्या.

आणि "ब्रिटनबरोबर मुक्त व्यापार करार झालाय, थांबू का?" याचं उत्तर. 24 जुलै 2025 ला सही झाली, ड्युटी 110 वरून 10 टक्क्यांवर येणार हे खरं, पण टप्प्याटप्प्याने आणि ठराविक कोट्यापुरती. शिवाय गाडी ब्रिटनमध्ये बनलेली हवी, ब्रँड ब्रिटिश असून चालत नाही. डिफेंडर बनते स्लोव्हाकियात, नित्रा नावाच्या गावी, म्हणजे तिला हा करार लागूच नाही, युरोपियन युनियनचा हिशोब वेगळा. तुम्ही बघत असलेली गाडी कुठल्या देशातल्या कारखान्यातून येते ते आधी डीलरकडून लेखी घ्या. त्याच कागदावर पाच दर पण मागा, हेडलॅम्प, पुढची काच, पुढचा बंपर, साइड मिरर आणि लोअर आर्म, आणि प्रत्येकासमोर पुण्यात स्टॉक आहे की ऑर्डर करावा लागतो ते लिहून घ्या. सेल्सवाला टाळाटाळ करेल, मग सरळ त्यांच्या पार्ट्स काउंटरवर जा, तिथला माणूस खोटं बोलत नाही, त्याला गाडी विकायची नसते.